सीटा किती, पॅसेंजर किती?

नवरे बायकोपासून काय काय लपवतात? जुनी मैत्रीण, नवं क्रेडिट कार्ड, ऑफिसच्या गच्चीवरची सिगारेट... माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे होता एक प्रोसेसर. आकाराने साधारण क्रेडिट कार्डाएवढा, वरून चकचकीत धातूचं झाकण, खाली ४,०९४ सोनेरी ठिपके. २०२४ च्या जुलैमध्ये तो आठवडाभर माझ्या मोज्यांच्या कप्प्यात राहत होता. त्याचे पैसे गेले होते आमच्या जॉइंट अकाउंटमधून. आम्ही त्याला 'घराचं खातं' म्हणतो. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी तीन वर्षांत जमवलेले नऊ लाख त्यात होते. होते, हा शब्द महत्त्वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोथरूडमध्ये एका वन बीएचकेत आम्ही दोघं मित्र स्टुडिओ चालवतो. काम आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनचं. म्हणजे काय, तर बिल्डरच्या ब्रोशरमध्ये जी न बांधलेली इमारत दिसते, तिच्या बाल्कनीत जो न जन्मलेला माणूस कॉफी पित असतो, तो आम्ही बनवतो. आमचा रेंडरर आहे करोना. (हो, नाव तेच. रोगाच्या आधीपासूनचं आहे, हसू नका.) त्याची खासियत अशी, की सगळी मेहनत ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसर करतो. त्यामुळे आमच्या धंद्यात प्रोसेसर म्हणजे बैल. तो जेवढा ओढेल तेवढं शेत.

आमचा बैल होता रायझन ९ ५९५०एक्स. सोळा कोअर, २०२० चा. गुणी जनावर. पण जूनमध्ये एका बिल्डरने साठ सेकंदांचा वॉकथ्रू मागितला. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे १,५०० फ्रेम. एका फ्रेमला आमच्या मशीनवर बारा मिनिटं. गुणाकार करा. ३०० तास. साडेबारा दिवस! बिल्डरकडे होते पाच. शेवटी बाहेरच्या रेंडर फार्मला भाडं मोजलं, काम वेळेत दिलं आणि बिल आलं तेव्हा कळलं, की या कामातून आपण जे कमावलं ते त्या फार्मने कमावलं.

त्या रात्री पार्टनर म्हणाला, "भावा, आता मोठं मशीन घ्यायचं."

झालं! पुढचे पंधरा दिवस मी जेवताना, ट्रॅफिकमध्ये, बाथरूममध्ये फक्त प्रोसेसर बघत होतो. तुमच्यापैकी ज्यांनी कधी गाडी घेताना रात्री दोन वाजता मायलेजची तुलना केलीय, त्यांना ही नशा समजेल.

ही दुनिया भारी आहे, हं. तीन मजली वाडा समजा. तळमजल्यावर तुमचे-आमचे डेस्कटॉप. मधल्या मजल्यावर वर्कस्टेशन: एएमडीचा थ्रेडरिपर, इंटेलचा झिऑन डब्ल्यू. आणि वरच्या मजल्यावर सर्व्हरवाले: एएमडीचा एपिक, इंटेलचा खरा झिऑन. बँका, रेल्वेची तिकिटं, तुमचे ई-मेल, सगळं वरच्या मजल्यावर चालतं.

वरच्या मजल्याचा तोरा पूर्वी फार होता. स्वस्तात जास्त कोअर मिळायचेच नाहीत. २०१६ मध्ये इंटेलचा दहा कोअरचा आय-७ ६९५०एक्स १,७२३ डॉलरला होता. २०१७ मध्ये एएमडीने आधी सर्व्हरसाठी ३२ कोअरपर्यंतचा एपिक आणला, मग ऑगस्टमध्ये सोळा कोअरचा थ्रेडरिपर ९९९ डॉलरला विकायला काढला. २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत अशी वेळ आली, की इंटेलचा अठरा कोअरचा जो चिप आदल्या वर्षी १,९७९ डॉलरला होता, त्याचा वारसदार तेवढेच कोअर घेऊन ९७९ ला आला. निम्म्यात! शेजारी दुसरी मिसळ सुरू झाली, की पहिल्याच्या प्लेटमध्ये फरसाण वाढतं, तसंच हे.

तर मला हवा होता थ्रेडरिपर ७९८०एक्स. ६४ कोअर, किंमत ४,९९९ डॉलर. डॉलर ८३ रुपयांचा धरा, वर १८ टक्के जीएसटी. नुसता चिप जवळपास ४ लाख ९० हजारांना. बोर्ड, मेमरी, कूलर वेगळं. एवढे पैसे ना स्टुडिओकडे, ना माझ्याकडे.

आणि मग मला लॅमिंग्टन रोडवर 'तो' भेटला. एपिक ७७४२. तेही ६४ कोअर! २०१९ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची लिस्ट प्राइस ६,९५० डॉलर होती. कुठल्याशा डेटा सेंटरमधून निघालेला, रिफर्बिश्ड माल. दुकानदार म्हणाला, "साहेब, पंच्याहत्तर हजार. तुम्ही म्हणून." या 'तुम्ही म्हणून'नं महाराष्ट्रात किती संसार बुडालेत, याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा.

मी घेतला. बोर्ड आणि मेमरी मिळून आणखी नव्वद हजार. एक लाख पासष्ट हजार घराच्या खात्यातून. बायकोला सांगणार होतोच, पण मशीन सुरू झाल्यावर. सरप्राइज!

सरप्राइज मलाच मिळालं. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळा. मेमरी बदलली, काळा. केबल बदलली, काळा. तीन रात्री. चौथ्या दिवशी सर्व्हरच्या दुरुस्तीतला एक ओळखीचा तंत्रज्ञ आला. त्याने आपल्याकडचा दुसरा एपिक माझ्या बोर्डावर बसवला. सुरू! माझा चिप त्याच्या बोर्डावर बसवला. काळा. माझ्याकडे त्याने ज्या नजरेनं पाहिलं ती नजर डॉक्टर लोक रिपोर्ट उघडण्याआधी वापरतात.

"लॉक्ड असणार हा," तो म्हणाला.

प्रकार असा. एपिकमध्ये सुरक्षेसाठी एक सोय असते. सर्व्हर बनवणारी कंपनी ती वापरणार असेल, तर पहिल्यांदा मशीन सुरू होताना चिपच्या आतले बारीक फ्यूज कायमचे जळतात आणि तो चिप त्या कंपनीच्या सहीच्या बायोसशीच लग्न करतो. हेतू चांगला, कुणी बायोसमध्ये गडबड केली तर मशीन सुरूच होऊ नये. पण मग तो चिप दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर नांदत नाही. घटस्फोटाची सोयच नाही. २०२० पासून जाणकार याबद्दल लिहीत होते. मी पंधरा रात्री कोअर मोजले, हे वाचलं नाही. आता हा चिप कुणाशी बांधलेला आहे, ते चिपवर लिहिलेलं नसतं. आणि दुकानदाराने काउंटरवरची पाटी दाखवली. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

चिप मोज्यांच्या कप्प्यात गेला.

आठवड्याने बायकोने बँकेचं अॅप उघडलं. ती सीए आहे. इंटर्नल ऑडिट करते. माझ्यासारख्या माणसाने सीएशी लग्न करून जॉइंट अकाउंटमधून गुपचूप पैसे काढावेत, यातच माझी अक्कल दिसते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "बंद पडला म्हणून सांगितलं नाहीस, की सुरू झाला असता तरी सांगितलं नसतंस?"

मला उत्तर देता येईना. कारण खरं उत्तर असं होतं, की मला तिचा 'नाही' ऐकायचा नव्हता. चिप कसा आहे, हे मी पंधरा दिवस तपासलं होतं. तो आम्हाला हवा आहे का, हे ती पहिल्या दहा मिनिटांत विचारेल, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर विचारलं नाही. दोन दिवस घरात फक्त मिक्सर बोलत होता.

तिसऱ्या दिवशी रविवार. बाबा आले होते. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झाले. त्यांना सगळी हकीकत सांगितली. ६४ कोअर, आठ मेमरी चॅनल, १२८ पीसीआय लेन, सगळं. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "सीटा कळल्या. रूटवर पॅसेंजर किती?"

"म्हणजे?"

"अरे, बावन्न सीटांची गाडी काढली आणि सात माणसं बसली, तर गाडी वाईट का? गाडी चांगलीच. भारमान नाही."

बायको दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. आणि लॅपटॉप उघडला.

तिने पंधरा दिवस आमच्या स्टुडिओचं ऑडिट केलं. खरंच. कोणत्या तासाला मशीन काय करतं, त्याची एक्सेल शीट. पहिल्याच दिवशी दुपारी माझ्या मागे उभी राहिली. मी सोफा मॉडेल करत होतो. टास्क मॅनेजरमध्ये बत्तीस छोटे चौकोन दिसत होते, सोळा कोअरचे बत्तीस थ्रेड. त्यातला एक भरलेला, बाकीचे एकतीस झोपलेले.

"हे काय करतायत?"

"मॉडेलिंग एकाच कोअरवर चालतं गं, बहुतेक."

"मग दिवसभर तुला चौसष्ट नकोत. एक पण पळणारा हवा."

बरोबर होतं! माझ्या जुन्या रायझनचा एकटा कोअर ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. एपिक ७७४२ चा जास्तीत जास्त ३.४. म्हणजे तो चिप सुरू झाला असता, तरी दिवसाचे आठ-नऊ तास मी आधीपेक्षा हळू काम केलं असतं. रात्री रेंडरला तो जिंकला असता, पण दिवसभर मी आणि पार्टनर त्याच्या नावाने बोटं मोडत बसलो असतो. सर्व्हरचा चिप वाईट नसतो, तो वेगळ्या कामाचा असतो. हजार लोक एकाच वेळी छोटी छोटी कामं घेऊन येतात, तिथे त्याची शान. एकच माणूस एकच सोफा घेऊन बसलाय, तिथे नाही.

मग रात्रीचा हिशेब. इथे मला कॉलेजातला अॅमडालचा नियम आठवला. जीन अॅमडाल या इंजिनीअरने १९६७ मध्ये मांडलेला. सोपा आहे. पुरणपोळीचा बेत आहे. लाटायला माणसं वाढवा, पोळ्या भराभर होतील. पण पुरण शिजायला जो वेळ लागतो तो लागतोच, तिथे चाळीस जणी उभ्या राहून उपयोग नाही. कामाचा दहा टक्के भाग असा 'पुरणाचा' असेल, तर सोळा कोअरनी काम एका कोअरच्या ६.४ पट वेगानं होतं. आणि ६४ कोअरनी? ८.८ पट. कोअर चौपट, वेग दीडपटसुद्धा नाही.

रेंडरमध्ये पुरण कमी आणि लाटणं जास्त असतं, हे खरं. म्हणून रेंडरवाल्यांना जास्त कोअर परवडतात. पण तिथेही एक गोम आहे. थ्रेडरिपर ७००० मालिकेतला २४ कोअरचा, ३२ चा आणि ६४ चा, तिघांनाही विजेचा कोटा एकच, ३५० वॉट. एकाच टाकीचं पाणी बत्तीस घरांना सोडा किंवा चौसष्ट घरांना. सगळे कोअर एकदम कामाला लागले, की चौसष्टवाल्याचा प्रत्येक कोअर थोडा हळू पळतो. ३२ कोअरची किंमत २,४९९ डॉलर, ६४ ची ४,९९९. पैसे दुप्पट, वेग दुप्पट नाही.

बायकोने कागदावर एक रांग लिहिली. डॉलर भागिले कोअर. ऑगस्टमध्ये नवा आलेला डेस्कटॉपचा रायझन ९ ९९५०एक्स: सोळा कोअर, ६४९ डॉलर. कोअरला ४१. थ्रेडरिपर, ३२ घ्या किंवा ६४: कोअरला ७८. ९६ कोअरचा थ्रेडरिपर प्रो, ९,९९९ डॉलर: कोअरला १०४. ९६ कोअरचाच एपिक ९६५४, ११,८०५ डॉलर: कोअरला १२३.

"वर गेलं की कोअर महाग का होतो? होलसेलमध्ये तर स्वस्त व्हायला हवा."

चांगला प्रश्न. कारण वरच्या मजल्यावर तुम्ही कोअर विकत घेत नाही, आजूबाजूची जागा घेता. डेस्कटॉपला मेमरीचे दोन चॅनल, थ्रेडरिपरला चार, प्रोला आठ, त्या एपिकला बारा. चॅनल म्हणजे मेमरीतून चिपकडे येणारे रस्ते. शिवाय ग्राफिक्स कार्डं आणि डिस्क जोडायला ढीगभर लेन, शेकडो जीबी मेमरी, चुका पकडणारी ईसीसी मेमरी. हवामानाचं किंवा विमानाच्या पंखावरच्या हवेचं गणित करणाऱ्याला हे रस्ते लागतातच. त्याचे कोअर मेमरीची वाट बघत उभे राहतात. त्याच्यासाठी १२३ डॉलर स्वस्त आहेत. आमच्या सीनला मेमरी लागते पन्नास जीबीच्या आत. आम्ही बारा पदरी हायवे घेऊन त्यावर स्कूटी चालवणार होतो.

तिने आणखी एक विचारलं, "तुमची सॉफ्टवेअरं कोअरप्रमाणे पैसे घेतात का?" ऑडिटरचा मेंदू! आमची नाही घेत. पण मोठ्या कंपन्यांत हा प्रश्न चिपच्या किमतीपेक्षा मोठा असतो. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअर मोजून लागतं, एका सर्व्हरला किमान सोळा कोअरचं. २०२० मध्ये व्हीएमवेअरने ठरवलं, की एका चिपचं लायसन्स ३२ कोअरपर्यंतच पुरेल. तेव्हा ६४ कोअरचा चिप घेणाऱ्याला लायसन्स दोन लागायची. अशा ठिकाणी कमी पण वेगवान कोअरचा महाग चिपच शेवटी स्वस्त पडतो.

आणि मग आमच्या टेबलावर खरी गोष्ट सापडली, तीही बाबांनी. "त्या तुझ्या पंधराशे फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात का रे?"

"नाही बाबा. प्रत्येक वेगळी."

"मग एकच मोठी गाडी कशाला? तीन सहा-आसनी लाव की."

मी आणि पार्टनर एकमेकांकडे बघत राहिलो. दोन इंजिनीअर, आणि अॅनिमेशनच्या फ्रेम वेगवेगळ्या मशीनवर वाटता येतात, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. भाड्याच्या फार्मवर तेच तर केलं होतं! पण 'चौसष्ट' या आकड्याने डोळे दिपले होते.

एका मित्राच्या ऑफिसात ३२ कोअरचा थ्रेडरिपर होता, त्यावर आमची फ्रेम चालवून पाहिली. बारा मिनिटांची साडेचार मिनिटांत. त्यावरून ६४ वाल्याला साधारण तीन मिनिटं धरली. नव्या सोळा कोअरच्या रायझनला लागली साडेसात मिनिटं. म्हणजे ६४ कोअरचं मशीन आणि जुना बैल मिळून १,५०० फ्रेमला साठ तास. नवे तीन रायझन आणि जुना बैल मिळून बावन्न तास. आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय तीन पूर्ण मशीन येत होती ४ लाख २० हजारांत, म्हणजे त्या एका नुसत्या चिपपेक्षा स्वस्त. शिवाय एक बंद पडलं तरी दोन चालू.

तोटे? आहेत. प्रत्येक मशीनला रेंडर नोडचं लायसन्स वेगळं. तीन पंखे, तिप्पट धूळ, वीजही जास्त. एकच मोठं स्थिरचित्र तातडीने हवं असेल, तर एका मोठ्या मशीनची मजा काही औरच. तुमचं काम फ्रेमसारखं तुकड्या-तुकड्यांत पडत नसेल, तर आमचा हिशेब तुमच्या उपयोगाचा नाही. तुम्ही तुमचे पॅसेंजर मोजा.

"आणि तीनही आत्ता नाही," बायको म्हणाली. "एक आत्ता. त्याने कमावलं की दुसरं." पार्टनरची इच्छा होती, की बोर्ड पडलाच आहे, तर त्याला लॉक नसलेला एपिक शोधू. तिने मान हलवली. "बुडालेल्या पैशांच्या मागे नवे पाठवायचे नाहीत." बोर्ड आणि मेमरी ६२ हजारांना विकली. एकूण नुकसान एक लाख तीन हजार. ते तिने एक्सेलमध्ये वेगळ्या ओळीत लिहिलंय. ओळीला नाव दिलंय 'फी'.

पहिलं मशीन दसऱ्याच्या आधी आलं, दुसरं जानेवारीत, तिसरं गुढीपाडव्याला. मधल्या काळात दोन वॉकथ्रू आम्ही आमच्याच घरात रेंडर केले. खात्यातले पैसे अजून पूर्ण भरून निघालेले नाहीत. दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या पगारातून तिकडे हप्ता जातो. फ्लॅट एक वर्ष पुढे गेला. हे ती बोलून दाखवत नाही. साइटवरून परत येताना रिकाम्या इमारतीकडे जरा जास्त वेळ बघते, एवढंच.

२०२५ च्या जुलैत थ्रेडरिपरची नवी मालिका आली. ६४ कोअर, तेच ४,९९९ डॉलर, तेच ३५० वॉट, पण आधीपेक्षा वेगवान. रात्री साडेअकराला पार्टनरने फोटो पाठवला, खाली बदामाच्या डोळ्यांचा स्मायली. मी फोन तसाच बायकोपुढे धरला.

तिने पाहिलं, म्हणाली, "छान आहे. पॅसेंजर?"

"नाहीत."

"मग झोप."

तो बंद एपिक अजून आहे, आता मोज्यांच्या कप्प्यात नाही. २०२४ च्या दसऱ्याला स्टुडिओत पूजा होती. नव्या मशीनला झेंडूचा हार घातला, कीबोर्डवर आपट्याची पानं ठेवली. बाबांनी विचारलं, "तो कुठाय?" मी आणून दिला. त्यांनी त्याच्या चकचकीत झाकणावर हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "बाबा, तो चालत नाही."

"माहितेय," ते म्हणाले. "पण शिकवलं तर त्यानेच ना?"